दोन तारांवरील संभाषण : ‘कॅन बस’ची ओळख

बीड शहरांत मोटारदुरुस्तीचीं दुकानें पुष्कळ आहेत. धुळें-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग गांवावरून गेल्यामुळें मालमोटारी, प्रवासी गाड्या आणि उसाच्या वाहतुकीचे ट्रॅक्टर ह्यांचा राबता येथें बाराही महिने असतो. ह्या दुकानांतील मिस्त्री मंडळींचें ज्ञान बहुधा हाताचें आणि कानाचें. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष कोठें आहे हें सांगणारीं माणसें ह्या धंद्यांत आहेत. परंतु अलीकडे त्यांच्यापुढें एक नवेंच कोडें उभें राहिलें आहे. नव्या गाडीचा दिवा लागत नाहीं म्हणून पाहावें, तर बल्ब शाबूत असतो, बटण शाबूत असतें, आणि बटणापासून दिव्यापर्यंत जाणारी तार शोधूं गेल्यास ती सांपडतच नाहीं. कारण अशी सरळ तार पुष्कळदां त्या गाडींत घातलेलीच नसते. बटण जवळच्या एका लहानशा यंत्राला आपली खूण देतें, तें यंत्र दोन बारीक तारांवरून दुसऱ्या यंत्राला निरोप धाडतें, आणि तें दुसरें यंत्र दिवा लावतें. हा निरोप ज्याला वाचतां येत नाहीं, त्याच्या दारचें गिऱ्हाईक छत्रपती संभाजीनगरची किंवा पुण्याची वाट धरतें.

हे निरोप ज्या पद्धतीनें जातात तिला ‘कॅन बस’ असें म्हणतात. ही पद्धति समजून घेण्यास फार मोठें गणित लागत नाहीं; मॅट्रिकपर्यंतचें अंकगणित आणि थोडी चिकाटी एवढें भांडवल पुरतें. तिचा प्रयोग करून पाहण्यास मोटारगाडीहि लागत नाहीं. टेबलावर मावतील अशा दोन लहान पट्ट्या आणि कांहीं तारा पुरेशा होतात.

प्रथम नांवाविषयीं. ‘कॅन’ हीं ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ ह्या तीन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें होत. नियंत्रण करणाऱ्या यंत्रांचें आपसांतील जाळें, असा त्याचा अर्थ. ‘बस’ हा शब्द मात्र आपल्या एस. टी. मुळें सर्वांच्या ओळखीचा आहे. लॅटिन भाषेंतील ‘ऑम्निबस’, म्हणजे ‘सर्वांसाठीं’, ह्या शब्दाचें तें शेपूट आहे. जी गाडी एकाची नसून सर्वांची, ती बस. आणि जी तार कोणा दोघांची नसून सर्वांची, तीहि बसच. १९४८ सालीं जूनच्या १ तारखेस राज्य परिवहनाची पहिली बस नगर-पुणें मार्गावर धावली. त्यानंतर बरोबर ७४ वर्षांनीं, १ जून २०२२ रोजीं, त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी बस सुरू झाली. पहिल्या बसमध्यें चालकाचा पाय आणि ब्रेक ह्यांचा संबंध दांडे, नळ्या ह्यांच्या द्वारें असे. आजच्या विजेच्या बसमध्यें बॅटरी, मोटर, ब्रेक, दरवाजे ह्या सर्वांवर देखरेख करणारीं निरनिराळीं यंत्रें असतात, आणि अशा वाहनांत त्यांचें परस्परांशीं बोलणें सामान्यतः ह्या कॅन पद्धतीनेंच चालतें.

ह्या देखरेख करणाऱ्या यंत्रांना ‘मायक्रोकंट्रोलर’ म्हणतात. मराठींत ‘सूक्ष्मनियंत्रक’ म्हणावें. तो नखाएवढा एक संगणकच असतो. उष्णता, दाब, पाण्याची पातळी अशा गोष्टींची नोंद घेणें आणि ठरवून दिलेल्या नियमाप्रमाणें एखादी कळ दाबणें किंवा सोडणें, एवढें त्याचें काम. एकटा नियंत्रक आपलें काम बिनबोभाट करतो. अडचण येते ती अनेक नियंत्रकांस एकमेकांची माहिती लागते तेव्हां. प्रत्येकाला प्रत्येकाशीं स्वतंत्र तारेनें जोडावयाचें म्हटल्यास दोघांना एक जोड पुरतो, चौघांना सहा लागतात, आणि दहांना पंचेचाळीस. गाडींत तारांचा एवढा भारा वागविणें महाग, जड आणि बिघाडाला आमंत्रण देणारें ठरतें.

जर्मनींतील बॉश कंपनीनें ह्या प्रश्नावर १९८३ सालीं काम सुरू केलें. उवे किएन्के हे त्या कामाचे प्रमुख होते. फेब्रुवारी १९८६ मध्यें अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं मोटार-इंजिनियरांच्या परिषदेंत ही पद्धति जगापुढें मांडण्यांत आली. पुढल्याच वर्षीं इंटेल कंपनीनें तिच्यासाठीं पहिली चकती, म्हणजे चिप, तयार केली; आणि १९९३ सालीं ‘आयएसओ ११८९८’ ह्या नांवानें ती आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली. ह्याच बॉश कंपनीचा डिझेल इंजिनाचे सुटे भाग करणारा कारखाना आपल्या नाशिकास आहे. आज केवळ मोटारींतच नव्हे, तर ट्रॅक्टर, उद्वाहक, कारखान्यांतील यंत्रें आणि रुग्णालयांतील उपकरणें ह्यांतहि ही पद्धति वापरतात.

आतां तिचें मर्म पाहावें. टेलिफोनवर बोलतांना ज्याच्याशीं बोलावयाचें त्याचा क्रमांक फिरवावा लागतो. कॅनची रीत तशी नाहीं. ती आकाशवाणीसारखी आहे. केंद्रावरून बाजारभाव सांगितले जातात तेव्हां ते कोणा एका शेतकऱ्याला उद्देशून नसतात. ‘आतां बाजारभाव ऐका’ एवढी सूचना होते. ज्याला कापसाशीं कर्तव्य आहे तो कान देतो, इतर आपल्या कामाला लागतात. कॅनवरील प्रत्येक संदेशाच्या आरंभीं असाच एक क्रमांक असतो. तो पाठविणाराचा नव्हे, घेणाराचाहि नव्हे. संदेशांत कोणता विषय आहे ह्याचा तो क्रमांक. ‘२८८ क्रमांक म्हणजे पाण्याची पातळी’ असें एकदां ठरलें, कीं तो संदेश तारेवर येतांच सर्व नियंत्रकांस ऐकूं जातो आणि ज्याला त्याची गरज आहे तो उचलून घेतो. ह्यांत मोठी सोय अशी कीं, उद्यां पातळी दाखविणारा आणखी एक दिवा बसवावयाचा झाला, तर जुन्या नियंत्रकांत कांहींहि बदल न करतां नवा नियंत्रक त्याच तारेला जोडतां येतो.

परंतु तार एकच आणि बोलणारे अनेक. मग दोघे एकदम बोलूं लागले तर? ह्या प्रश्नाचें जें उत्तर बॉशच्या मंडळींनीं शोधलें, तेंच ह्या पद्धतीचें सर्वांत सुंदर अंग होय. तें समजण्यासाठीं एक दोर डोळ्यांपुढें आणावा. दहा जण तो हातांत धरून उभे आहेत. कोणीहि एकानें ओढला कीं दोर ताणला जातो. सर्वांनींच सैल सोडला तरच तो सैल राहतो. म्हणजे ‘ताण’ हा बलवान् आणि ‘सैल’ हा दुबळा. कॅनच्या तारेवर शून्य हा अंक ताणासारखा आणि एक हा अंक सैलपणासारखा असतो. शून्य किंवा एक अशा ह्या एकेका अंकाला ‘बिट’ म्हणतात. एकानें शून्य आणि दुसऱ्यानें त्याच क्षणीं एक पाठविला, तर तारेवर शून्यच उमटतो.

आतां समजा, दोन नियंत्रक एकाच क्षणीं बोलूं लागले. एकाच्या संदेशाचा क्रमांक १६ आहे, दुसऱ्याचा २८८. हे क्रमांक शून्य आणि एक ह्यांच्या अकरा अंकांत लिहिले तर १६ हा ०००००० १०००० असा आणि २८८ हा ००१००१ ००००० असा होतो. दोघेहि डावीकडून एकेक अंक तारेवर ठेवतात आणि ठेवतांनाच तारेवर प्रत्यक्ष काय उमटलें हें वाचतात. पहिला अंक दोघांचा शून्य, दुसराहि शून्य. तिसऱ्या अंकाला १६ चा धनी शून्य ठेवतो आणि २८८ चा धनी एक. तारेवर शून्य उमटतो. २८८ वाला पाहतो कीं, आपण दोर सैल सोडला असूनहि तो ताणलेला आहे. तेव्हां आपल्याहून महत्त्वाचा कोणी बोलत आहे. तो तेथेंच गप्प होतो आणि पहिल्याचें बोलणें संपल्यावर पुन्हां आरंभ करतो. १६ वाल्याला तर कोणी मध्यें बोललें होतें ह्याचा पत्ताहि लागत नाहीं. त्याचा एकहि अंक वाया जात नाहीं. लहान क्रमांकाला आधीं मान, हा नियम अशा रीतीनें कोणी पंच न नेमतां पाळला जातो. म्हणून ब्रेकसारख्या तांतडीच्या विषयांस लहान क्रमांक द्यावयाचे आणि दिव्याबत्तीच्या विषयांस मोठे, हें योजकाच्या हातीं असतें. मात्र एकच क्रमांक दोघां नियंत्रकांनीं वापरावयाचा नाहीं, हें पथ्य पाळावें लागतें.

विषयाच्या क्रमांकानंतर संदेशांत किती माहिती आहे तो आंकडा येतो, आणि मग माहिती. आठ बिटांचा एक बाइट. असे शून्यापासून आठपर्यंत बाइट एका संदेशांत मावतात. एवढ्याशा पाकिटांत काय राहणार असें वाटेल. पण उष्णता, वेग, पातळी हे आंकडे एका-दोन बाइटांतच बसतात. माहितीनंतर पंधरा बिटांचा एक ताळा असतो. हिशेब बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दुकानदार बेरजेचा ताळा घेतो, तसाच हा. ऐकणारा प्रत्येक नियंत्रक तो ताळा स्वतः करून पाहतो. जुळला तर शेवटीं राखून ठेवलेल्या एका जागीं तो दोर ओढतो, म्हणजे शून्य ठेवतो, ही पोंच. पाठविणारा त्या जागीं स्वतः दोर सैल ठेवतो. तेथें शून्य दिसला कीं निदान एकानें तरी संदेश नीट ऐकला, अशी त्याची खात्री पटते.

ताळा न जुळल्यास ऐकणारा लागोपाठ सहा शून्य ठेवून बोलणें मोडतो. नेहमींच्या बोलण्यांत पांच सारखे अंक आले कीं सहावा मुद्दाम उलटा घालण्याचा नियम असल्यामुळें, सहा शून्य हे गोंगाटाचेंच चिन्ह ठरतें. मग तो संदेश सर्वजण टाकून देतात आणि पाठविणारा तो पुन्हां पाठवितो. अर्ध्यांनीं ऐकला आणि अर्ध्यांनीं नाहीं, असा घोटाळा त्यामुळें सहसा होत नाहीं. ह्याहून कौतुकाची गोष्ट म्हणजे प्रत्येक नियंत्रक स्वतःच्या चुकांची वही ठेवतो. पाठवितांना चूक झाली तर सामान्यतः आठ गुण वाढतात, एक संदेश सुखरूप गेला कीं एक गुण कमी होतो. गुण १२७ च्या पुढें गेले कीं त्याला इतरांचें बोलणें मोडण्याचा अधिकार राहत नाहीं. २५५ च्या पुढें गेले कीं तो तारेपासून आपणहून अलग होतो. एखादा बिघडलेला नियंत्रक सर्व गाडीला वेठीस धरूं नये, म्हणून ही शिस्त.

आतां प्रत्यक्ष तारांकडे वळावें. आतांपर्यंत ‘एक तार’ म्हटलें, पण वस्तुतः त्या दोन असतात : एक ‘हाय’ आणि एक ‘लो’. तारेवर एक हा अंक असतो तेव्हां दोन्हींवर सुमारें २॥ व्होल्ट दाब असतो. म्हणजे त्यांच्यांत अंतर नसतें. शून्य ठेवला कीं ‘हाय’ सुमारें ३॥ व्होल्टांवर चढते आणि ‘लो’ सुमारें १॥ व्होल्टांवर उतरते. अंतर दोन व्होल्टांचें होतें. ऐकणारा केवळ हें अंतरच पाहतो. दोन्ही तारा एकमेकींस पीळ घालून नेलेल्या असतात, त्यामुळें शेजारच्या मोटरीचा किंवा ठिणगीचा उपद्रव झालाच तर तो दोघींवर बहुतेक सारखाच होतो, आणि दोघींतील अंतर होतें तेवढेंच राहतें. दोन माणसें एकाच नावेंत बसलीं असतां लाटेनें दोघेंहि वरखालीं होतात, पण त्यांच्या उंचींतील फरक बदलत नाहीं, तसाच हा प्रकार.

तारेच्या दोन्ही टोंकांस ‘हाय’ आणि ‘लो’ ह्यांच्यामध्यें १२० ओहमचा एकेक रोध, म्हणजे रेझिस्टर, जोडावा लागतो. हौदांत उठलेली लाट भिंतीवर आपटून परत येते, त्याप्रमाणें विजेचा संदेश मोकळ्या टोंकावर आपटून उलट फिरतो आणि मागून येणाऱ्या अंकांत मिसळतो. हा रोध त्या लाटेला टोंकावर जिरवितो. येथें मिस्त्रीच्या उपयोगाची एक सोपी परीक्षा आहे. वीज बंद करून दोन्ही तारांमधील रोध साध्या मीटरनें मोजावा. दोन १२० ओहम एकमेकांस समांतर असल्यानें मीटरवर ६० च्या आसपास आंकडा यावयास पाहिजे. १२० आला तर एका टोंकाचा रोध गेला आहे किंवा तार मध्यें तुटली आहे; ४० आला तर कोणीतरी तिसरा रोध जादा जोडला आहे; आणि शून्याजवळ आला तर दोन्ही तारा कोठेंतरी एकमेकींस चिकटल्या आहेत. एवढ्या एका मोजणीनें पुष्कळ वेळां अर्धें निदान होतें.

तार किती लांब नेतां येईल, हें बोलण्याच्या गतीवर अवलंबून असतें. सेकंदास दहा लक्ष बिट ह्या गतीनें सुमारें ४० मीटर, सव्वा लक्ष बिटांच्या गतीनें सुमारें ५०० मीटर, आणि पन्नास हजार बिटांच्या गतीनें सुमारें एक किलोमीटर, असें ढोबळ प्रमाण आहे. त्याचें कारण वर सांगितलेल्या दोराच्या नियमांतच आहे. एका टोंकाला ठेवलेला अंक दुसऱ्या टोंकापर्यंत जाऊन तेथील उत्तर परत येईपर्यंत तो अंक तारेवर टिकला पाहिजे. तारेंतील संदेश प्रकाशाच्या सुमारें दोनतृतीयांश वेगानें धांवतो खरा, पण त्यालाहि वेळ लागतोच. अंतर वाढलें कीं बोलणें सावकाश करावें लागतें.

प्रयोगासाठीं पुढील सामान पुरे : ‘आर्दुइनो उनो’ नांवाच्या दोन पट्ट्या, ‘एमसीपी २५१५’ ही चकती बसविलेले दोन कॅन-मॉड्यूल, पीळ घातलेली तारेची एक जोडी, एक मीटर, आणि आज्ञावली लिहिण्यासाठीं एक संगणक. उनोच्या जुन्या आवृत्त्यांतील नियंत्रकांत कॅनची सोय नसते, म्हणून हें मॉड्यूल लागतें. त्यावर दोन चकत्या असतात. ‘एमसीपी २५१५’ ही व्याकरण सांभाळते, म्हणजे क्रमांक, ताळा, पोंच, चुकांची वही हें सर्व तीच पाहते. आणि दुसरी, बहुधा ‘टीजेए १०५०’, ही घसा होय, म्हणजे तारांवर प्रत्यक्ष दाब चढविणें-उतरविणें हें तिचें काम. ‘ईएसपी ३२’ सारख्या नियंत्रकांत व्याकरण आंतच असतें. त्यांना केवळ घसा बाहेरून पुरवावा लागतो, आणि तो ३·३ व्होल्टांशीं जुळणारा घ्यावा लागतो.

उनोला मॉड्यूल जोडतांना पांच व्होल्ट आणि जमीन ह्यांच्या दोन तारा. ‘सीएस’ दहाव्या खुंटीला, ‘एसआय’ अकराव्या, ‘एसओ’ बाराव्या, ‘एससीके’ तेराव्या आणि ‘इंट’ दुसऱ्या खुंटीला जोडावें. मग एका मॉड्यूलची ‘हाय’ दुसऱ्याच्या ‘हाय’ला आणि ‘लो’ ‘लो’ला. ज्यांनीं पूर्वीं दोन पट्ट्या साध्या मालिका-पद्धतीनें जोडल्या असतील त्यांना तारा उलटसुलट करण्याची संवय असते. येथें ती मोडावी लागते. दोन्ही पट्ट्यांची जमीन एक करावी. मॉड्यूलवर १२० ओहमचा रोध बसविलेला असतो आणि एका लहान टोपीनें तो लागू करतां येतो. दोनच मॉड्यूल असल्यास दोन्हींवर टोपी घालावी आणि मीटरनें ६० पाहून घ्यावे.

नवशिक्याची निराशा करणाऱ्या चुका ठराविक आहेत. पहिली घड्याळाची. मॉड्यूलवर एक चकचकीत स्फटिक असतो. त्यावर बहुधा ‘८’ हा आंकडा कोरलेला असतो, म्हणजे सेकंदास ऐंशीं लक्ष ठोके. तयार आज्ञावल्यांत मात्र पुष्कळदां १६ गृहीत धरलेले असतात. दोन्ही पट्ट्यांवर सारखेंच मॉड्यूल असेल तर दोघेहि निम्म्या गतीनें बोलून एकमेकांस समजतात, आणि चूक झांकून राहते. तिसरें, निराळ्या स्फटिकाचें यंत्र जोडतांच सर्व गोंधळ होतो. म्हणून स्फटिकावरील आंकडा वाचून तोच आज्ञावलींत लिहावा. दुसरी चूक, एकट्यानें प्रयोग करण्याची. एकच मॉड्यूल तारेला जोडून संदेश पाठविला तर पोंच देणारा कोणी नसल्यामुळें तो संदेश संपतच नाहीं. चकती तोच तो पुन्हां पाठवीत राहते, आणि शिकणाराला वाटतें कीं मॉड्यूल बिघडलें. ज्याला एकट्यानेंच तपासावयाचें असेल त्यानें चकतीची ‘लूपबॅक’ ही अवस्था वापरावी; तींत चकती आपलें बोलणें आपणच ऐकते. तिसरी चूक, दोन्हीकडे गति निराळी लिहिण्याची. आणि चौथी, तारा झाडाच्या फांद्यांप्रमाणें चहूंकडे नेण्याची. मुख्य तार एका टोंकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ न्यावी आणि प्रत्येक यंत्र तिला अगदीं आंखूड फांट्यानें जोडावें.

हें सर्व शिकून बीड जिल्ह्यांतील मुलाला करावयाचें काय? एक उदाहरण घेण्यासारखें आहे. जिल्हा अवर्षणप्रवण. पुष्कळ शेतकऱ्यांनीं शेततळीं खणलीं आहेत. विहिरीचें पाणी मोटरीनें तळ्यांत चढवून ठिबकानें पिकास द्यावयाचें. विहीर एका टोंकाला, तळें तीनशें मीटरांवर. वीज पुष्कळदां रात्रीं येते. तळें भरलें तरी मोटर चालूच राहिली तर मोलाचें पाणी वाहून जातें. विहिरींतील पाणी संपलें तरी चालू राहिली तर मोटर जळते. दोन्ही गोष्टींत घरचें नुकसान, आणि राखणीला रात्रीं अंधारांत जाणाऱ्याला सापविंचवाचें भय तें निराळेंच. तळ्यापाशीं एक नियंत्रक पातळी मोजील, विहिरीपाशीं दुसरा मोटरीची कळ सांभाळील, आणि तिसरा घरीं दिवा दाखवील. तिघांमध्यें दोन तारा. गति सव्वा लक्ष बिटांची ठेवली तर एक पूर्ण संदेश जाण्यास सेकंदाचा सुमारें एक सहस्रांश लागतो. कामाच्या मानानें ही चपळाई गरजेपेक्षांहि अधिक आहे.

ह्या संदेशाची भाषा आधीं कागदावर ठरवावी. समजा, क्रमांक १६ म्हणजे ‘मोटर थांबवा’ आणि क्रमांक २८८ म्हणजे ‘तळ्याची पातळी, सेंटिमीटरांत’. पातळी ३०० सेंटिमीटर आहे. एका बाइटांत २५५ पर्यंतच आंकडा मावतो, म्हणून दोन बाइट लागतात : १ आणि ४४, कारण १ गुणिले २५६ अधिक ४४ म्हणजे ३००. घेणारानें हे बाइट उलट क्रमानें वाचले तर ४४ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे ११,२६५ सेंटिमीटर, असें वाचन होईल आणि तीन मीटरांचें तळें शंभर मीटरांहून खोल ठरेल. मोठा भाग आधीं कीं लहान, हें लिहून ठेवलें म्हणजे हा घोटाळा टळतो.

दुसरा एक नियम त्याहून महत्त्वाचा. तळ्याच्या नियंत्रकानें दर सेकंदास पातळी सांगावी. आणि पांच सेकंद कांहींच ऐकूं आलें नाहीं तर विहिरीच्या नियंत्रकानें मोटर आपणहून बंद करावी. तार उंदरानें कुरतडली, नांगरानें तोडली किंवा तळ्यापाशींची वीज गेली, तरी मौनाचा अर्थ ‘थांबा’ असाच झाला पाहिजे. ‘थांबवा’ ह्या निरोपावरच सर्व भिस्त ठेवली तर तार तुटल्यावर तो निरोप कधींच येणार नाहीं आणि मोटर चालूच राहील. शेतांतील लांब तारेस विजेच्या कडकडाटाचेंहि भय असतें; म्हणून तेथें टेबलावरचें मॉड्यूल न वापरतां, तारेची बाजू आणि नियंत्रकाची बाजू विजेच्या दृष्टीनें अलग ठेवणारा ‘घसा’ आणि दाबापासून रक्षण करणारीं साधनें वापरावींत, व तार नळींतून जमिनीखालून न्यावी. मोटरीच्या स्टार्टरला हात घालण्याचें काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावें.

पुन्हां मोटारदुरुस्तीच्या दुकानाकडे यावें. भारतांत १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस ६’ हीं धूर-नियंत्रणाचीं मानकें लागू झालीं, आणि गाडीनें स्वतःचे दोष स्वतः नोंदविणें अधिकच महत्त्वाचें झालें. मोटारींत चालकाच्या पायांवरच्या बाजूस सोळा भोंकांची एक खोबण असते. तिच्या सहाव्या भोंकांत ‘हाय’ आणि चौदाव्यांत ‘लो’. तेथें २०१५ ह्या क्रमांकाचा संदेश ठेवून त्यांत २, १, १२ हे बाइट लिहिले, तर त्याचा अर्थ ‘इंजिनाचे फेरे सांगा’ असा होतो. इंजिनाचा नियंत्रक बहुधा २०२४ क्रमांकानें उत्तर देतो. त्या उत्तराचा चौथा बाइट २५६ नें गुणून त्यांत पांचवा मिळवावा आणि चारांनीं भागावें. चौथा १३ आणि पांचवा ७२ असल्यास ३,४०० भागिले ४, म्हणजे मिनिटास ८५० फेरे. उभ्या गाडीच्या इंजिनाचा हा साधारण आंकडा मिस्त्रीच्या कानाला आधींपासूनच ठाऊक असतो. आतां तो त्याच्या डोळ्यांनाहि दिसतो. मालमोटारींची आणि बसगाड्यांची बोली थोडी निराळी असते. त्यांत विषयाचा क्रमांक अकराऐवजीं एकोणतीस बिटांचा असतो. पण दोर तोच आणि नियमहि तेच.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. ही पद्धति परस्परविश्वासावर उभारलेली आहे. संदेश कोणीं पाठविला हें ती विचारीत नाहीं. १९८६ सालीं, गाडीच्या आंतल्या तारेला परका कोण शिवणार, असें मानणें वावगें नव्हतें. परंतु गाड्या बिनतारी जाळ्यांस जोडल्या गेल्यावर तें खरें राहिलें नाहीं. २०१५ सालीं अमेरिकेंत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक ह्या दोघां संशोधकांनीं धांवत्या जीप गाडीचा ताबा दुरून घेऊन दाखविला, आणि त्यानंतर सुमारें चौदा लक्ष गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. म्हणून शिकणारानें गाडीच्या तारेवर प्रथम केवळ ऐकावें. ‘एमसीपी २५१५’ मध्यें नुसतें ऐकण्याची अवस्था त्यासाठीं दिलेली आहे. प्रश्न विचारावयाचे ते गाडी उभी असतांनाच, आणि ते ठरलेल्या प्रकारचेच. चालत्या गाडीच्या तारेवर अनोळखी संदेश ठेवणें म्हणजे स्वतःच्या आणि रस्त्यावरील इतरांच्या जिवाशीं खेळ होय.

ह्या पद्धतीचीही वाढ चालू आहे. २०१२ सालीं बॉश कंपनीनें तिचा नवा अवतार पुढें आणला; त्यांत एका संदेशांत आठाऐवजीं चौसष्ट बाइट मावतात आणि माहितीचा भाग अधिक वेगानें जातो. परंतु ज्यानें साध्या कॅनचे नियम पचविले, त्याला हें नवें शिकणें जड जाणार नाहीं.

बीडच्या आणि अंबाजोगाईच्या तंत्रशिक्षणाच्या शाळांतून दरवर्षीं मुलें बाहेर पडतात. त्यांना संगणकाची भाषा येते, पण इंजिनाचा आवाज कळत नाहीं. दुकानांतील मिस्त्रींना आवाज कळतो, पण तारेवरील भाषा येत नाहीं. मुलानें आपलें मॉड्यूल घेऊन एखाद्या दुकानांत जावें, मिस्त्रींनीं त्याला जवळ बसवून घ्यावें, आणि दोघांनीं मिळून मीटरवर तो ६० चा आंकडा पाहावा. आरंभ करण्यास एवढेंच पुरे आहे.